रेघेच्या वरचं तेल

वाऱ्याशी शर्यत लावायला घडवलेली एक गाडी आमच्या घरात होती आणि तिचं अख्खं आयुष्य बँडवाल्यांच्या मागं पायी चालण्यात गेलं. धाकट्या भावानं ती रायपूरहून आणली तेव्हा गोंदियात मोबाइल असणारा माणूस मुद्दाम रस्त्यात उभा राहून बोलायचा, इतकी जुनी ही गोष्ट. लाल रंगाची, परदेशी, दोनच माणसांची, छत मागं दुमडून डिकीत जाणारी. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. म्हणजे काय, हे भावानं मला अनेकदा, दर वेळी नव्या उत्साहानं समजावलं. पट्ट्यावर फिरणारा एक ब्लोअर असतो, तो इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबतो, मग इंजिन जास्त जोर लावतं. मी नागऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या राइस मिलमध्ये लहानाची मोठी झाले. ब्लोअर काय असतो ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. फरक एवढाच की मिलचा ब्लोअर कोंडा उडवतो आणि कामाचा असतो.

या गाडीवर त्याला धंदा करायचा होता. कसला, तर नवरदेव वाहायचा. वरातीत छत उघडून, शेजारी फेट्यातला नवरदेव बसवून, तो गोंदिया, देवरी, पार बालाघाटपर्यंत हिंडायचा. आजूबाजूला त्याचे मित्र, "भाई, क्या साउंड है" म्हणत मान हलवणारे. गाडीतलं त्यांना काहीही कळत नव्हतं, पण कौतुक करायला कळावं लागत नाही.

बाबांना वाटत होतं की पोरानं मिल सांभाळावी. पोरगा म्हणाला, मला कोंड्यात जन्म काढायचा नाही. गाडी दारात आली त्या दिवशी बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मिलवाल्याचा पोरगा लोकायचे नवरदेव वाहून राहिला. त्याले सांग, आजपासून मी त्याच्यासंग बोलत नाही." आणि बोलले नाहीत. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, बोललेच नाहीत.

आई आधीच गेली होती. त्यामुळं या अबोल्याचं सगळं टपाल माझ्या गळ्यात आलं. दिवसभर मी शाळेत पोरांना भागाकार शिकवायची आणि संध्याकाळी दोन घोड्यांना एकमेकांचे निरोप पोचवायची. "त्याले सांग, भाजी उरली हाये." भाजीचं भांडं दोघांच्या मध्ये. "बाबाले सांग, मले नको." मी दोघांनाही वाढायची आणि मनात दोघांनाही यथेच्छ शिव्या द्यायची. भाऊ बाहेर कितीही मिजास मारो, त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, बाबांनी एकदा त्याच्याशी तोंड उघडावं. तो हे कधी म्हणाला नाही. पण जेवताना मान वर करून तो ज्या तऱ्हेनं त्यांच्याकडे बघायचा, ते पाहून मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

मग गाडी धूर सोडायला लागली. देवरीच्या एका लग्नात तिनं कहर केला. वरात तासन्‌तास मुंगीच्या चालीनं सरकली. मंडपापाशी आल्यावर मित्रांनी आरडाओरडा केला म्हणून भावानं जोरात रेस दिली आणि मागून असा निळा ढग निघून पुढं लोटला की बँडवाला सनई सोडून खोकत बसला. करवल्यांच्या पैठण्यांना जळक्या तेलाचा वास लागला. नवरीच्या मामानं विचारलं, "फवारणीचं यंत्र आणलं का बापा?"

दुखणं असं होतं. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ तयार होते. ती बाहेर सोडायच्या ऐवजी एका नळीतून पुन्हा हवेच्या पाइपात घेतात, म्हणजे इंजिन ती जाळून टाकतं. आमच्या गाडीत त्या नळीतून वाफेबरोबर चांगलं पातळ तेलच यायचं. वरातीत हळूहळू चालताना ते पाइपात आणि ब्लोअरच्या खाली साचायचं. रेस दिली की ब्लोअर ते सगळं एकदम इंजिनात ढकलायचा आणि धूर.

यावर गोंदिया जिल्ह्यानं सल्ले दिले. कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्यानं बोनेट न उघडताच सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. नागपूरच्या शोरूमनं सांगितलं, इंजिन बदला. मित्र म्हणाले, "इम्पोर्टेड है भाई, थोड़ा तो पिएगी." एकानं सायबर कॅफेतून इंग्रजीतले कागदांचे गठ्ठे छापून आणले, जे त्यालाही वाचता येत नव्हते आणि भावालाही. ते मी वाचले. त्यात परदेशातली रिकामटेकडी माणसं हेच रडगाणं गात होती आणि मध्ये एक डबा बसवा म्हणत होती. तेल डब्यात अडेल, पुढं जाणार नाही.

म्हणून भावानं माझा चहापत्तीचा स्टीलचा डबा उचलला. झाकणाला दोन भोकं पाडून वेल्डिंगवाल्याकडून दोन नळ्या लावून घेतल्या आणि तेल अडावं म्हणून आत माझी भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. दर रविवारी तो डबा काढायचा, तेल ओतून टाकायचा, घासणी रॉकेलमध्ये धुवायचा आणि इस्पितळातल्या डॉक्टरसारखा चेहरा करून डबा परत बसवायचा. धूर कमी झाला, बंद झाला नाही. डब्यात दर आठवड्याला इतकं तेल यायचं कुठून, हे काही त्या कागदांत नव्हतं.

कुठून यायचं ते मला माहीत होतं.

आमच्याकडे माप शीग लावून द्यायची रीत. पायलीत धान किंवा तांदूळ भरला की वर निमुळती रास उभी राहायला हवी, कडेनं दाणे सांडायला हवेत. काठावर हात फिरवून सपाट माप देणारा माणूस हात आखडणारा, त्याच्या घरी सोयरीक करू नये इथपर्यंत लोक बोलतात. बाबांनी जन्मभर असंच मोजलं आणि तेलही असंच घातलं. मिलच्या इंजिनाला, बेअरिंगांना, माझ्या शिलाई मशीनला, फाटकाच्या बिजागरीला. आमच्या घरात कुठल्याही वस्तूला हात लावला की तेल लागायचं. दर शनिवारी सकाळी तेलाचा डबा घेऊन ते मिलकडे निघायचे. एका शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं तर हा माणूस गाडीच्या शेडमध्ये बोनेटखाली वाकलेला. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, बुडवली, उजेडात धरून बघितली. तेल वरच्या रेघेपर्यंत बरोबर होतं, पण नुसतं रेघेपर्यंत तेल म्हणजे त्यांच्या हिशेबी सपाट पायली. ओतलं. मग शिगेचं म्हणून आणखी थोडं ओतलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. ज्या गाडीचं तोंड बघायचं नाही म्हणत होते, तिला!

मी कोणाला काही बोलले नाही. मी टपाल होते. माझ्याकडे जे दिलं तेवढंच मी पोचवायची.

अखेर एका रविवारी भाऊ तळहातावर काहीतरी घेऊन आत आला. पट्टीला चिकटलेला बारदान्याचा, म्हणजे तागाच्या पोत्याचा, धागा होता. आमच्या घरात बारदान्याला हात पुसणारा माणूस एकच.

"बाबा?" त्यानं विचारलं.

"दर शनिवारी," मी म्हटलं.

त्यानं तो धागा जपून शर्टाच्या खिशात ठेवला. मी म्हटलं, "आता तरी जाऊन सांग त्यायले. जास्तीचं तेल आत घुसळून फेस होते, तेच नळीतून वर येऊन राहिलं. तुह्या गाडीचा सत्यानाश होईल."

"पागल झाली का?" तो म्हणाला. "सांगितलं तर बंद करतील ना."

आणि मग जे सुरू झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. भावानं ढोरांच्या दवाखान्यातली मोठी पिचकारी आणली, तिला बारीक नळी लावली. दर रविवारी तो पट्टीच्या भोकातून जास्तीचं तेल ओढून काढायचा आणि रेघेवर आणून ठेवायचा. शनिवारी बाबा बघायचे, तेल पुन्हा रेघेवर. त्यांना वाटायचं, गाडी तेल पिते. माझ्याजवळ म्हणायचे, "मोठी खादाड हाये बापा. त्याले काही लक्ष नाही." आणि शीग लावून ओतायचे. शनिवारी रात्रीचं लग्न आलं की नवरदेवावर धूर. दोन धडधाकट माणसं, एक ओततो, दुसरा उपसतो, आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दोघांच्याही जिवावर येतं. वर्षामागून वर्षं हेच चाललं. शहाणपणाचा थेंब कोणाच्या डोक्याच्या चेंबरमध्ये नव्हता.

मग दिवाळीला आमचे जावई आले. धाकट्या बहिणीचा नवरा, पुण्याचा, मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मुक्कामाला आले की पंख्याचा आवाज, नळाचं पाणी आणि आमची भाषा यांत दुरुस्त्या सुचवणारे. त्यांनी गाडीचा पाइप उघडला, आत बोट फिरवलं, वास घेतला आणि जेवायच्या पंगतीत व्याख्यान सुरू केलं. भाऊ डोळ्यांनी खुणा करत होता, मी मुद्दाम वाढायला मध्ये गेले, पण ज्याला उत्तर सापडलंय त्याला कोण थांबवणार?

"पण मला सांगा, तेल भरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. किती ताठ मानेनं म्हणाले! भावासमोर पहिल्यांदाच ते कबूल करत होते.

जावई हसले. "अहो बाबा, रेघेच्या वर एक थेंब चालत नाही. तुम्हीच तर सगळी गाडी घालवलीत!"

बाबांनी अर्ध्या ताटात हात धुतला आणि उठून गेले. जावयांनी आणखी एक अनारसा मागितला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, यात शंका नाही. इतका बिनचूक आणि इतका बिनडोक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर शनिवारी बाबा शेडच्या समोरून तेलाचा डबा घेऊन सरळ मिलकडे जायला लागले. मान खाली. गाडीचा धूर बंद झाला. पाइप कोरडा, चहापत्तीचा डबा कोरडा, माझी घासणी लख्ख. वराती वाढल्या, मित्र नाचले. भाऊ मात्र जेवताना मान वर करीनासा झाला. रविवारी पिचकारी घेऊन शेडमध्ये जायचा, पट्टी काढून बघायचा आणि तसाच बसून राहायचा. मला वाटलं होतं की ही थेरं संपली तर मी सुटेन. खरं सांगते, मला रडायला यायचं.

एका शनिवारी सकाळी बाबा नेहमीसारखे डबा घेऊन निघाले. भाऊ शेडच्या तोंडाशी पट्टी हातात धरून उभा होता. मी तुळशीला पाणी घालत होते.

"बाबा," तो म्हणाला.

बाबा थांबले. सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी निरोप सांगीन म्हणून. मी तोंड मिटून पाणी घालत राहिले. तुळशीची कुंडी भरून वाहायला लागली.

"तेल पायता का जरा?" भाऊ म्हणाला.

बाबांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"किती हाये?"

"रेघेवर हाये."

"निस्तं रेघेवर?" बाबा म्हणाले. "मंग इतके दिवस सांगत काऊन नाही रे?" आणि डबा घेऊन शेडमध्ये शिरले.

जावई पुढं कित्येक वर्षं फोनवर विचारायचे, धूर येतो का म्हणून. शेडमधल्या निळ्या ढगाकडे बघत मी सांगायची, तुमच्यामुळं कायमचा बंद झाला.