मिश्रीच्या डबीतली क्लिप

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या. पडलो की झोप, अन् झोपलो की घोरणं. घोरता घोरता मधेच माझा श्वास अडकायचा. अडकला की बायको बरगडीत कोपर हाणायची, "अवो, श्वास घ्या!" मी घ्यायचो. शिमग्यात ती गेली अन् कोपर हाणणारं कोणी उरलं नाही.

सुनेनं धसका घेतला. मला दातांच्या डॉक्टरणीकडं नेलं. दात अजून माझेच आहेत, त्यांचा साचा काढून तिनं क्लिप बनवली. वर-खाली दातांवर बसते अन् खालचा जबडा पुढं ओढून धरते. आरशात बघितलं तर रुसलेला बोकड. म्हटलं, या वयात कुणासाठी जबडा पुढं काढू?

डॉक्टरणीनं दिलेला डबा मी हरवला, म्हणून क्लिप बायकोच्या मिश्रीच्या डबीत टाकली. सकाळी नळाखाली ओली करून बेसिनवर ठेवायची. सुनेला वाटायचं, मामा शहाणे झाले.

महिन्यानं डॉक्टरणीनं क्लिप बघायला घेतली अन् नाक मुरडलं.

"आजोबा, मिश्री लावता?"

"मी नाय. बायको लावायची."

"त्यांना सांगा, बंद करा म्हणावं."

"केली की. आठ महिने झाले."

ती ओशाळली. मग क्लिप उजेडात धरून म्हणाली, "पण ही तोंडात गेलेलीच नाही."

सून तिथंच भडकली. "मामा, दिवसरात्र तुमच्या दाराला कान लावते मी! आत्याबाई झोपेतच गेल्या, मला पत्ता लागला नाही."

मला तरी कुठं लागला? मी शेजारीच घोरत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवून आडवा झालो अन् क्लिप लावली. दोनदा धुतली होती, तरी मिश्रीची कडवट चव होतीच. तिसऱ्यांदा धुतली नाही.

तर सून धावत आली. "मामा! आवाजच येत नाय!"

क्लिप तोंडात, बोलणार काय? तिनं बरगडीत बोट खुपसलं. मी एक डोळा उघडला. "घाबरवता काय ओ!" म्हणून गेली.

आता रोज दुपारी येते. पावलं वाजतात, मी जागा असतो. पण बोट खुपसल्याशिवाय डोळा उघडत नाही.