योसेफसरांनी जाळलेली गोष्ट

योसेफसर गेल्याचं मला आमच्या शाळेच्या शिपायानं सांगितलं. मी सहावीचे पेपर तपासत बसले होते. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सर गयात." आदल्या दुपारीच मी त्यांना सरकारी दवाखान्यात भेटून आले होते. त्या दुपारी ते जे बोलले ते त्यांच्या जाण्याहून जड होतं, आणि महिना उलटून गेला तरी हलकं झालेलं नाही. हे लिहू का, असं मी त्यांच्या मुलीला, रूथला विचारलं. "लिहा मावशी, मी वाचणार नाही," एवढंच ती म्हणाली.

धुळ्यातल्या मिशनच्या शाळेत आम्ही बरोबरच लागलो. मी मराठी शिकवायचे, सर भूगोल, आणि वाचनालयाच्या दोन कपाटांच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असत. मूळचे ते सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात आले, तिथंच शिकले, तिथंच त्यांना योसेफ हे नाव मिळालं. त्याआधीचं ते कधी बोलत नसत. बायको लवकर गेली, म्हणून रूथच्या वेण्या ते स्वतः घालत. इतक्या घट्ट घालत की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या, मग ती धावत आमच्या घरी यायची आणि माझी आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणे, त्या वेण्या सैल करून द्यायची. दुसऱ्या दिवशी सर हसून म्हणत, "अक्का, तुम्ही माझी सगळी मेहनत सोडता."

रूथला वाचायचं वेड होतं, आणि वाचायचं म्हणजे जादूचं. उडते गालिचे, बोलणारी झाडं, अंगठी फिरवली की गायब होणारे राजपुत्र... सरच तिला कपाटातून पुस्तकं काढून देत. सातवीत असताना तिनं स्वतः एक गोष्ट लिहिली आणि ती मुलांच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकात छापून आली. डोंगरावर एक म्हातारी चेटकीण राहते. पाखरांचे हरवलेले आवाज ती शोधून परत देते. गावात साथ येते तेव्हा लोक काठ्या घेऊन तिला मारायला निघतात, पण शाळेतली मुलं तिला नकाशांच्या पेटीत लपवतात आणि लोकांना म्हणतात, आम्ही कुणालाच पाहिलं नाही. सकाळी पेटी उघडावी तर आतून पाखरांचा थवा निघतो. मी ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली. सरांना अंक द्यायला गेले, तर त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग काही न बोलता अंक घडी करून खिशात घातला. मला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीत.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीत त्या गोष्टीवर चर्चा झाली. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. शाळेत येऊन ते माझ्याशीही शांतपणे बोलले. "बाई, तुम्हाला ही करमणूक वाटते. पण आमची कितीतरी कुटुंबं आजही लेकरू आजारी पडलं की अंधार पडल्यावर गुपचूप भगताकडे जातात. जादूटोणा त्यांच्यासाठी गोष्टीतला नाही. मुलांना चांगली चेटकीण दाखवली, तर उद्या त्यांनी कशाला नाही म्हणायचं?" त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या मुलांनी असली पुस्तकं वाचू नयेत आणि रूथला घरी समजवावं. सरांनी मात्र त्याच्या कितीतरी पुढचं केलं. त्यांनी रूथला भर मंडळीपुढं उभं केलं आणि पुन्हा असं लिहिणार नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलं. स्वतः शेजारी उभे होते. रूथपेक्षा त्यांचाच आवाज जास्त कापत होता, असं नंतर पाळकसाहेबच मला म्हणाले.

मग घरातली पुस्तकं. अंघोळीच्या बंबात लाकडांऐवजी सर रोज सकाळी पुस्तकं घालू लागले. शेवटी तो दिवाळी अंकही गेला. माझ्या आईला राहवलं नाही. ती त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "भाऊ, पोरनी गोष्टच लिखी ना? कोनं घर तं नई जाळं तिनी!" सर बंबासमोर उकिडवे बसून होते. म्हणाले, "अक्का, तुम्ही मध्ये पडू नका." आईशी ते असं कधी बोलले नव्हते. रूथ त्या पाण्यानं अंघोळ करेना. ऐन थंडीत नळाखाली बसायची, दात वाजायचे, पण गरम पाण्याला हात लावला नाही. भांडली नाही, रडली नाही. तिनं बोलणंच कमी केलं, आणि ते कमीच राहिलं. मराठीत वर्गात पहिली येणारी पोर निबंधात पाच ओळी लिहून पेपर द्यायची. पुढे नर्सिंगला गेली, भुसावळला एका दवाखान्यात लागली. नाताळला यायची, बापाला नवा सदरा आणायची, दुसऱ्या दिवशी परत. सर तिला बसस्टँडवर सोडायला जात आणि बस गेली तरी तिथंच उभे असत.

आणि ती शेवटची दुपार... कावीळ पार डोळ्यांत उतरली होती. मी मोसंबी सोलत होते. सर एकाएकी म्हणाले, "माझ्या आईला डाकीण म्हणून मारलं, बाई."

त्या पावसाळ्यात पाड्यावर लेकरं दगावत होती. कुणीतरी त्यांच्या आईचं नाव घेतलं. लोक जमले आणि तिच्या लहानग्या पोरालाच विचारलं, तुझी आई रात्रीची उठते का? "मी हो म्हणालो. उठायचीच ती. शेळी व्यायला झाली होती, तिला बघायला उठायची. पण पुढचं कुणी विचारलंच नाही... त्याच रात्री दार फोडलं."

मी मोसंबी खाली ठेवली.

"रूथची गोष्ट वाचली आणि मी घाबरलो. तिला हे कुणी सांगितलं? मी तर जिवंत माणसाजवळ बोललो नव्हतो. मग वाटलं, हे रक्तातून आलंय. आईचं काहीतरी पोरीत उतरलंय."

"सर, ती लेकराची कल्पना होती."

"कळत होतं मला. पण भीती जात नव्हती. पाळकसाहेब जादू सैतानाची म्हणाले, तेव्हा मला आधारच वाटला. पोरीला यातून सोडवायचं म्हणून सगळं जाळलं... आणि त्यात आई खरंच तशी होती असं मी मान्य केलं, बाई. दुसऱ्यांदा हो म्हणालो." मग ते माझ्याकडे वळले. "रूथला सांगा. मला जमणार नाही."

रूथ पोचली तोवर सर गेले होते. दफन झाल्यावर त्यांच्या खोलीत बसून मी तिला सगळं सांगितलं. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "माझ्या गोष्टीतली मुलं नाही म्हणतात, ते वाचलं होतं त्यांनी?"

"दोनदा वाचलं. माझ्यासमोर."

"मग एकदा तरी सांगायचं होतं मला. एकदा..." मग म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, मावशी? मी काय करू हे घेऊन?"

पुन्हा लिहिशील का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

निघताना मी दारामागची सरांची खाट बाजूला ओढू लागले. रूथनं माझा हात धरला. "लहानपणापासून ती तिथंच आहे. झोपताना ते दाराला अगदी चिकटवून घ्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, वारा लागतो." हे बोलता बोलता ती थांबली. खाटेच्या लाकडावर तिनं हात ठेवला. मग म्हणाली, "राहू द्या."

त्यानंतर ती आली नाही. किल्ली माझ्याकडे आहे. घरमालक खोली कधी रिकामी करता म्हणून विचारतो. आठवड्यातून एकदा मी झाडायला जाते. दार अर्धंच उघडतं, पुढं खाट लागते. मी अंग चोरून आत जाते.