बायकोचं वस्तुमान आणि भाचीचा मुहूर्त

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. माझ्या स्कूटरचा, वारा मागून असला तर, तासाला चाळीस. हा फरक मी बायकोला वेळीच समजावला असता, तर भाचीचं लग्न मला बघायला मिळालं असतं.

लग्न सावनेरला होतं. मी नवरीचा एकुलता एक मामा. हात धरून तिला बोहल्यावर आणायचं काम माझं! त्या आठवड्यात मी आमच्या बी.एस्सी.तल्या मुलीची गणितं तपासत होतो (भौतिकशास्त्र कळत नसलं तरी चुकलेला गुणाकार मला बघवत नाही), त्यामुळे डोक्यात सापेक्षता ताजी होती. कोराडी ओलांडली आणि मागून बायकोनं विचारलं,

"अहो, गाडी काहून कुंथून राहिली?"

"वेग वाढला की वस्तुमान वाढतं."

"कोनाचं?"

"सगळ्यांचं. माझं, तुझं, स्टेपनीचं..."

"थांबवा गाडी!"

नवा शालू सावरत ती उतरली आणि तरातरा चालू लागली.

"अवं, अगदीच नगण्य वाढतं!"

"वाढते का नाही, तेवढं सांगा."

दुसरा कोणी 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. मी म्हणालो, "वाढतं. चालल्यानंही वाढतं."

ती मैलाच्या दगडावर बसली! मुहूर्त जवळ येत होता. मी नियमाची दुसरी बाजू मांडली. "हे बघ, सोबत गाडीवर असलेल्याला, म्हणजे मला, तू आहेस तेवढीच."

"मंग वाढलेली कोनाले दिसते?"

"रस्त्याच्या कडेला उभं असलेल्यांना."

"म्हंजे लोकायलेच दिसते!"

इतक्यात आमच्याच वऱ्हाडाचा ट्रक आला. शेजारणींनी हात दिला, ही चढली.

"अवं, ट्रक साठनं जातो!" मी ओरडलो. "त्यात जास्त वाढेल!"

"वाढू द्या! साऱ्याच बाया वाढतीन, मी एकलीच नाही!"

ट्रक गेला. पण किती जास्त, हे मी सांगितलंच नव्हतं. अर्धवट विधान करून पुढे जाणं मला जमत नाही. दगडावर बसून तळहातावर हिशेब मांडला (वजनाचा आकडा इथे देत नाही, मला याच घरात राहायचं आहे). वर्ग केले, भागाकार केला, पडताळा घेतला.

पोहोचलो तेव्हा मांडवात अक्षता पायांखाली आल्या होत्या.

"कुठं होता गा दादा?" बहीण कडाडली. "मामाच्या जागी वहिनीनं आणलं पोरीले!"

"हिशेब करत होतो," मी तळहात पुढे केला. "दशांश चिन्हापुढे बारा शून्यं, मग एक. इतके किलो."

बायकोनं तळहात पाहिला, मला पाहिलं आणि नणंदेला म्हणाली, "तेरावं शून्य हे उभं आहे. जेवाले वाढा त्याले."