बाकावरचे सर

मुरबाडच्या इंग्रजी क्लासचे सर दोन वाक्यांना दोन बैल म्हणायचे. "दोघंबी आपल्या पायावर उभे हायत ना? मग नुसत्या स्वल्पविरामानं नाय जुंपायचे. मधे 'अँड', 'बट'चं जू ठेव रे." माझे बैल हमखास मोकाट सुटायचे. क्लासही ओस पडत चालला होता.

शहापूरच्या गोदामात कारकुनाची एकच जागा होती. मुलाखतीला गेलो, तर बाहेरच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात सर बसलेले. मी शेजारी टेकलो. सर कोरडे ओठ चाटत म्हणाले, "इंग्रजीत ओळख सांग बघू."

मी पुन्हा जू विसरलो.

आतून सरांचं नाव पुकारलं. त्यांनी शिपायाला हातानं थांबवलं. "परत म्हण."

"चला मास्तर, नायतर पुढच्याला घेतील," शिपाई म्हणाला. पुढचा मीच होतो.

माझं वाक्य नीट जुळेपर्यंत सर उठले नाहीत.