वंदनाचं शेवटचं प्रकरण आणि जर्मनीचं सरकार

हॅनोव्हरला आमच्या बाल्कनीत रिकाम्या बाटल्या साठत राहायच्या. दुकानात परत द्यायच्या असतात, पण उद्या नेऊ, परवा नेऊ! किस्स्यांचंही तसंच झालं. दोन हजार पाचच्या सप्टेंबरनंतर ते इतके साठले, की आता कोणी नुसतं 'जर्मनी' म्हटलं तरी माझी टकळी सुरू होते.

मी तिथे मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करत होते. वंदना वानखेडे माझी फ्लॅटमेट, यवतमाळची, इतिहासाची. खालच्या मजल्यावर पुण्याचा मकरंद, एका कंपनीत इंजिनिअर. भाडं खाली भरायचा, जेवायला मात्र वर.

*

वंदनाचा विषय असा: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने नवी राज्यघटना केली, तिच्याखाली झालेली संसदेची पहिली निवडणूक आणि त्यानंतरचा सावळागोंधळ.

"सत्तेतल्या तीन पक्षांचं बहुमत गेलं," ती पोळ्या लाटता लाटता सांगत होती, "आणि जो सगळ्यात मोठा पक्ष, तोच म्हणाला आम्हाला सरकारात यायचं नाही."

मकरंदचा घास हातातच राहिला. "सत्ता नको? मग निवडणूक कशाला लढवली, हवापालट म्हणून?"

"सीमेकडच्या काही भागांत तर मतदानच पुढच्या वर्षी झालं."

"म्हणजे आधी निकाल, मग मतदान! अगं, ही तर आमच्या सोसायटीची निवडणूक!"

आम्ही हसलो, ती हसली नाही. तिच्या घरी आपल्या भारताच्या राज्यघटनेची प्रत कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असायची. इतकी चांगली घटना हातात असताना माणसं ती वाया कशी घालवतात, हा प्रश्न तिला खरोखर छळायचा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच होतं आणि तेवढंच राहिलं होतं.

*

त्या सप्टेंबरात जर्मनीतच निवडणूक लागली. शनिवारी मकरंद धापा टाकत बिअरचे दोन क्रेट घेऊन आला. "उद्या मतदान. ड्राय डे असणार. मी काही पहिल्यांदा निवडणूक बघत नाहीये!"

जर्मनीत रविवारी दुकानं तशीही बंद असतात, मतदान असो वा नसो. तीन वर्षं तिथे राहूनही हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण संध्याकाळी टीव्हीवर निकालाचे अंदाज यायला लागले आणि शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, श्नायडर दारात उभे. त्यांची बिअर संपली होती! निवडणुकीला साठा करून ठेवणारा दूरदृष्टीचा माणूस म्हणून मकरंदची बिल्डिंगमध्ये जी इज्जत वाढली, ती शेवटपर्यंत टिकली.

टीव्हीवर दोन्ही मोठ्या पक्षांचे पुढारी 'सरकार आमचंच' म्हणत होते. मकरंदने विचारलं, "जिंकलं कोण?"

हेर श्नायडरनी बराच विचार केला. "आल्झो... तसं बघितलं तर... दोघंही. म्हणजे कोणीच नाही. अजून एक बाटली मिळेल?"

*

वंदनाचा चेहरा मात्र पडला होता. "आता माझे सर मला सोडणार नाहीत बघ."

आणि तसंच झालं. सोमवारी सकाळी सकाळी प्रोफेसरांचा फोन. आवाजात नुसता उत्साह! फ्राउ वानखेडे, तुमची निवडणूक परत घडतेय! शेवटच्या प्रकरणात आजची तुलना हवीच! त्यात पूर्वेकडच्या एका मतदारसंघाचं मतदान पुढे गेलं होतं. त्या आनंदात त्यांनी दुपारी परत फोन केला.

"सरकार बनेपर्यंत प्रकरण बंद करू नका," ते म्हणाले.

आणि सरकार काही बनेना. वंदनाची स्कॉलरशिप डिसेंबरात संपत होती, तिच्याबरोबर व्हिसाही. नागपूरच्या एका कॉलेजातली लेक्चररची जागा तिच्यासाठी उन्हाळ्यापर्यंतच थांबणार होती. पुढारी रोज वाटाघाटीला बसत, रोज हसत बाहेर येत आणि काहीही सांगत नसत. हिचं प्रत्येक बातमीला एक पान वाढे, दुसऱ्या बातमीला ते पान फाडावं लागे. सगळा देश शांतपणे सायकली चालवत होता; वजन घटत होतं ते यवतमाळच्या एका मुलीचं. मला तिच्याकडे बघून भीती वाटायची.

*

परदेशी लोकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, ती मुदत वाढवून मागायला गेली. मी सोबतीला.

"विलंबाचं कारण?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं सरकार बनत नाहीये."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यासाठी आमच्याकडे रकाना नाही."

पण मार्चपर्यंतचा शिक्का मारला हो! वर म्हणाले, "तुम्हाला आतलं काही कळलं, तर आम्हालाही कळवा."

*

दर रविवारी वंदनाच्या वडिलांचा फोन यायचा. काका निवृत्त हेडमास्तर. मास्तर म्हटलं की निवडणुकीची ड्युटी आलीच. उभा जन्म मतदान केंद्रं आणि मतमोजणीत गेलेला. वंदना फोन स्पीकरवर टाकायची.

"बेटा, सरकार झालं का तिथं?"

"नाही बाबा, बोलणी चालू आहेत."

"एवढे दिवस? मंग खासदार कोणत्या हॉटेलात ठेवले?"

"बाबा, इथे हॉटेलात नाही ठेवत कोणी."

"मंग काय रात्री आपापल्या घरी जातात?" काकांचा विश्वासच बसेना. "अन् सकाळी त्याच पक्षात वापस येतात?"

*

नोव्हेंबरात दोन्ही मोठे पक्ष एकत्र आले आणि जर्मनीला सरकार मिळालं. वंदनाने प्रकरण संपवलं, फेब्रुवारीत तोंडी परीक्षा ठरली. ती ऐकायला घरच्यांना बसता येतं, म्हणून काका आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आले. मफलर, कानटोपी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा.

वंदना छान बोलली. पण दुसरे परीक्षक, उंच, पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे प्रोफेसर, शेवटच्या प्रकरणावरून तिला सोडेनात. ताजं सरकार कशाला घुसवलंय? घाई दिसते. हे परत लिहायला हवं! परत लिहायचं म्हणजे अजून एक वर्ष. मार्चनंतर तिला तिथे राहता येणार नव्हतं, आणि नागपूरची जागाही गेली असती.

मग सगळ्यांना बाहेर काढून परीक्षकांनी दार लावलं. एरवी दहा-पंधरा मिनिटांत उघडतं. अर्धा तास झाला, दार बंद. आतून चढे आवाज यायला लागले. वंदना भिंतीला टेकून उभी होती.

मकरंद काकांच्या कानाला लागला. "काका, तो डबा आत पाठवू का? जरा वातावरण निवळेल."

काकांनी डबा छातीशी धरला. "मतमोजणी चालू आहे. आत काही जाणार नाही."

शेवटी दार उघडलं. तिचे सर घामाघूम, पण हसत होते. पास! प्रबंध आहे तसा मंजूर! वंदना मटकन बाकावरच बसली आणि रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

तेवढ्यात ते दाढीवाले प्रोफेसर सरळ तिच्यापुढे आले. "फ्राउ डॉक्टर वानखेडे, मी विरोधात मत दिलं. मला अजूनही पटलेलं नाही. अभिनंदन."

"काय म्हणते हा माणूस?" काकांनी विचारलं. वंदनाने डोळे पुसत सांगितलं.

काकांनी डबा उघडला. सर हात पुढे करून उभे होते, त्यांना ओलांडून काका दाढीवाल्यांकडे गेले आणि पहिला लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

"काका, अहो ते विरोधात होते!" मकरंद कुजबुजला.

"म्हणूनच."

म्हाताऱ्यांनी लाडू उलटसुलट करून पाहिला. मग वंदनाला म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा, मी जिंकलो असतो तर?"

वंदनाने विचारलं.

काकांनी दाढीवाल्यांकडे बोट केलं. "मंग लाडू यायनं आणले असते."