बासष्ट कोऱ्या पाठी

झेरॉक्समामांना जुन्या कागदांच्या संग्रहात काम मिळालं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, की तिथे करायचं काय. कागद ठेवायचा, बटण दाबायचं, मामा म्हणाले. "म्हणजे सव्वीस वर्षं दुकानात केलंत तेच," ती म्हणाली आणि तिच्यापुरता विषय संपला. दुकानात कागद पालथा ठेवायचा असतो आणि इथे उताणा, हा फरक मामांनी मागाहून सांगून पाहिला, पण तोवर ती आत निघून गेली होती.

दुकान कचेरीसमोर होतं. लोक फोननेच कागदांचे फोटो काढायला लागले तसं मशीन गप्प होत गेलं आणि एक दिवस भंगारात गेलं. तेव्हा संग्रहाच्या बाईंनी मामांना बोलावून घेतलं. शिकत असताना त्या त्यांच्याच दुकानात यायच्या. मामांची प्रत कधी तिरकी आली नाही, हे त्यांच्या लक्षात होतं. तीन महिने बघू, मग ठरवू, असं बोलणं झालं.

पहिल्या दिवशी मामा पांढरे हातमोजे घेऊन गेले, सिनेमात बघितले होते तसे. बाईंनी ते शांतपणे खणात ठेवले. हात धुवायचे, पुसायचे आणि उघड्या हातांनी कागद धरायचा, त्या म्हणाल्या. कागद कुठे फाटायला आलाय ते बोटांनाच कळतं. मग त्यांनी नियम सांगितला: "कोरी असली तरी ती बाजू आहे. बाजू आहे म्हणजे तिचा फोटो आहे."

मामांनी मान डोलवली, पण मनात ही शिकलेल्या लोकांची हौस म्हणून ठेवून दिली. त्यांच्या धंद्यात कोऱ्या पानाची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. कागद उलटायचा, कोरा दिसला की पुढचा घ्यायचा, हे हाताला इतकं बसलं होतं की डोक्याला विचारायची गरज पडत नसे.

तिसऱ्या महिन्यात एका निवृत्त नर्सबाईंचं गाठोडं आलं. त्यांचे वडील देवादिकांची चित्रं छापणाऱ्या छापखान्यात मशीनवर होते. बिघडलेल्या छपाया ते घरी आणायचे. त्या बासष्ट निघाल्या. एका संताचं तेजोवलय घसरून कानावर आलं होतं, तिरकी टोपी घातल्यासारखं. एका देवाचा ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरला होता. एकावर निळी शाईच चढली नव्हती, त्यामुळे समुद्र पिवळाधमक. सोबत वडिलांची हातची वही होती. तिच्यात प्रार्थना उतरवलेल्या, आणि दोन प्रार्थनांच्या मध्येच छप्पर गळल्याची, खोकल्याची, पाहुण्यांची नोंद.

आईचं काही लिखाण आहे का, असं बाईंनी विचारलं होतं. तीन भावंडांत धाकट्या असलेल्या नर्सबाई हसल्या. आई अंगठा लावायची. पत्रं असोत, प्रगतिपुस्तकं असोत, मुलंच वाचून दाखवायची. मुलं वाचतील ते खरं, एवढी भोळी.

गाठोडं दुपारी चार वाजता परत न्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी थोरले भाऊ चित्रं फ्रेमवाल्याकडे देणार होते. तो पाठीला सरस लावून ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवणार आणि मग तीन भावंडांच्या तीन घरी भिंती सजणार.

सकाळी अकराला मामा चित्रं पातळ कागदात गुंडाळत होते. तक्त्यात त्यांनी पहिल्या चित्रासमोर 'मागची बाजू: कोरी' असं लिहिलं होतं आणि खालच्या एकसष्ट रकान्यांत नुसती टिंबं दिली होती. फोटो एकाही पाठीचा काढला नव्हता. फक्त खाली सही करायची राहिली होती.

तिरक्या टोपीचा संत उचलताना अंगठ्याला काहीतरी लागलं. जुना कागद आहे, चुरगळलाच असेल, म्हणून त्यांनी अंगठा पुढे सरकवला. पण चुरगळ अशी ओळीने नसते. ही चरी डावीकडून उजवीकडे जात होती, मध्ये थांबत होती, खाली येऊन पुन्हा डावीकडून सुरू होत होती.

त्यांनी पाठ कॅमेऱ्याखाली धरली. दोन्ही बाजूंचे दिवे लावले. पडद्यावर स्वच्छ कोरा कागद. मामांना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचंच त्यांना वाईट वाटलं. दुकानात खोल उमटलेले शिक्के नीट आले नाहीत की ते कागद दाराच्या उजेडात तिरका धरून बघायचे. त्यांनी दोन्ही दिवे बंद केले आणि टेबलावरचा छोटा दिवा आडवा, कागदाच्या काठाला लावून ठेवला.

कागदावर अक्षरं उभी राहिली.

शाई नाही, शिसं नाही, नुसत्या सावल्या. दिवा हलला की ओळ बुडायची, जागेवर आला की पुन्हा वर यायची. कुणीतरी बोथट टोकाने, बहुधा दाभणाच्या मागच्या बाजूने, दाबून दाबून लिहिलं होतं. मामा खुर्चीत बसले. मग उठले. बसून बघणं त्यांना बरं वाटेना. एकेक चित्र ते त्या उजेडात धरत गेले. सुरुवातीच्या काही पाठींवर एकच अक्षर शंभरदा, आधी डगमगतं, मग सावरलेलं. पुढे वहीतल्या प्रार्थना, जशाच्या तशा. बासष्ट पाठींमधली एकही कोरी नव्हती.

आता गप्प राहिलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. उद्या सरस लागला असता आणि मामांचा तक्ता कायमचा खरा ठरला असता. सांगितलं तर तीन महिन्यांचा निकाल आजच लागणार होता. त्यांनी तक्ता उचलला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला.

"मी पाठी घेतल्याच नाहीत," ते म्हणाले. "न बघता कोऱ्या लिहिलं. कोऱ्या नाहीत."

बाई त्यांच्यामागून आल्या. आडव्या दिव्यापाशी वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मामा बोलणी खायला तयार उभे होते.

"दिवा हलवू नका," बाई हळूच म्हणाल्या. "मी कॅमेरा खाली घेते."

त्यांनी जेवणाचे डबे उघडलेच नाहीत. मामा कागद धरत, बाई बटण दाबत. त्या हसून म्हणाल्या, की आज कामाची अदलाबदल झाली. चार वाजता नर्सबाई आल्या तेव्हा तीस पाठी झाल्या होत्या. उरलेल्यांसाठी दोन दिवस लागतील, बाईंनी विनवलं. नर्सबाईंनी मान हलवली. दादाने फ्रेमवाल्याला शब्द दिलाय, आणि दादा म्हणजे दादा.

मामांनी शेवटचं, पिवळ्या समुद्राचं चित्र आडव्या दिव्यापाशी पालथं ठेवलं. ही पाठ त्यांनी सकाळीच वाचली होती. तिच्यावर प्रार्थना नव्हती. वहीत नसलेल्या चार ओळी होत्या.

नर्सबाईंनी चष्मा लावला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

'धाकटीने प्रगतिपुस्तक वाचून दाखवलं. गणितात पास म्हणाली. नापास लिहिलं होतं. मी मान डोलवली, ती फार घाबरली होती.'

नर्सबाईंनी हात लावू का म्हणून विचारलं. बाईंनी हात धुवायची जागा दाखवली. त्या धुऊन, पुसून आल्या आणि अंगठा त्या ओळींवरून डावीकडून उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे आणला. वडील शाईची दौत कुलपात ठेवायचे, त्या म्हणाल्या. आम्हाला वाटायचं, आई दुपारी देवाच्या तसबिरी पुसत बसते.

मग त्यांनी पर्समधून फोन काढला.

"दादा, फ्रेमवाल्याला नको म्हणून सांग. चित्रं इथेच राहू देत. का म्हणजे? अरे, आईला वाचता येत होतं."

पलीकडून दादाने हळूच प्रगतिपुस्तकांचं विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुझी पण."