आवाज बंद होता, तरी मी बटण दाबलं

भूतबित, आत्मेबित्मे मी कधी मानले नाहीत... आजही मानत नाही. तरी जे झालं ते सांगते. हसायचं त्यानं खुशाल हसावं, मला तसंही ऐकू येत नाही!

कसबा बावड्यात राहते. एका आजारपणातल्या औषधांनी दोन्ही कान गेले, त्यापाठोपाठ राजारामपुरीतल्या साडीच्या दुकानातली नोकरी गेली. अपंगांची पेन्शन मिळायची तर दाखला हवा, म्हणून जुने रिपोर्ट घेऊन नवऱ्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तिथले साहेब काहीतरी बोलून हसले. ह्यांनी ते मोबाईलवर लिहून दाखवलं — ‘एवढ्या खडाखडा बोलतात की! नाटक दिसतंय.’

टाळकंच फिरलं माझं. "इतकी वर्षं ऐकत होते, म्हणून बोलते की! कान गेल्यात, जीभ न्हाय!" साहेबांनी तपासणीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

काचेच्या बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडच्या मुलीनं खुणेनं सांगितलं — आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काहीच नाही. आणि मग... "सुमे, जेवलीस का गं?"

आई! माझे कान गेल्यावर ती वारली. तिचं शेवटचं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं. तोच घोगरा आवाज, अगदी जवळून.

बटण दाबलं तर दाखला गेला, पेन्शन गेली... कळत होतं की मला. तरी दाबलं. गच्च दाबून धरलं आणि रडत बसले.

ती मुलगी धावत आत आली. मोबाईलवर लिहिलं — ‘मी आत्ता आवाज सोडलाच नव्हता. नाटक करणारी माणसं सहसा असं बटण दाबत नाहीत, ताई.’ मग तिनंच साहेबांना सांगून डोक्याला वायरी लावायची पुढची तपासणी करायला लावली. दोन्ही कान पार निकामी निघाले. साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली.

डॉक्टर म्हणतात, मेंदूचे खेळ असतात. असतील! पण मग तो मेंदू त्याच्या आधी आणि नंतर एकदाही का खेळला नाही?

आमचे हे अजून मोबाईलवर लिहून विचारतात, ‘दाखला हातचा गेला असता म्हंजे?’

गेला असता तर जाऊ दे की! आईनं हाक मारायची आणि मी ओ द्यायची न्हाय, व्हय?